उताऱ्याच्या बाई

अंबरनाथ पूर्वेच्या त्या शाळेत कुंदाबाईंना कुणी आडनावाने ओळखत नसे. त्या ‘उताऱ्याच्या बाई’. एकोणतीस वर्षं मराठी शिकवलं, कविता शिकवल्या, निबंध तपासून तपासून चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, पण नाव झालं ते उताऱ्यामुळे. दहावीच्या मराठीच्या पेपरात उतारे येतात. आता त्याला पेपर म्हणायचं नाही, कृतिपत्रिका म्हणायचं. नाव बदललं की शिक्षण सुधारतं असा आपल्याकडे एक समज आहे. तर त्या कृतिपत्रिकेत उतारा येतो, खाली चौकटी येतात, जोड्या येतात, आणि कुंदाबाईंच्या हाताखालून गेलेलं पोर तिथे मार्क घालवत नाही, अशी त्यांची ख्याती. त्या राहायच्या उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. तिथल्या सिंधी बायकासुद्धा इंग्रजी शाळेतली आपली पोरं दंडाला धरून आणायच्या आणि म्हणायच्या, आंटी, मराठी में बस पास करा दो. बाई करून द्यायच्या.

रीत साधी होती. उतारा वाचायचाच नाही. आधी खालचा प्रश्न वाचायचा, त्यातल्या मुख्य शब्दाला पेन्सिलीने गोल करायचा. मग तो शब्द घेऊन उताऱ्यात उतरायचं आणि बोट फिरवत फक्त तेवढाच हुडकायचा. सापडला की ते वाक्य उचलायचं, चौकटीत टाकायचं आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. सापडल्यावर रेंगाळायचं नाही. एक उतारा सहा मिनिटांत उरकला पाहिजे. ‘उतारा वाचत बसायला आलोय का आपण?’ असं बाई विचारायच्या आणि अख्खा वर्ग एका सुरात ‘नाही बाई’ म्हणायचा.

आता हे ऐकून कुणी नाक मुरडेल. मुरडू दे. नोकरीची पहिली आठ-दहा वर्षं याच बाई उतारा मोठ्याने वाचायच्या, लेखकाला काय म्हणायचंय यावर तास तास बोलायच्या, आणि मार्चमध्ये निम्मा वर्ग मराठीत आपटायचा. मातृभाषेत नापास म्हणून घरी मार खायचा तो वेगळाच. मग बाईंनी ही रीत काढली. जोडाक्षराला अडखळणारी पोरं तिच्या जोरावर पास झाली, कुणी आयटीआयला गेलं, कुणी नर्सिंगला. बाईंना या रीतीची लाज कधी वाटली नाही, आणि का वाटावी?

पण त्या दमल्या होत्या, हे मात्र खरं. छप्पन्नावं लागलं होतं. गुडघे जिन्यावर बोलायला लागले होते. शिकवण्यापेक्षा बाकीचीच कामं जास्त. मतदारयादी घेऊन दारोदार फिरा, मुलांचे आधार क्रमांक संगणकात भरा, भरलेले पुन्हा भरा, आणि अमुक माहिती आज चारच्या आत पाठवा म्हणून तीन वाजता येणारे निरोप वाचा. त्यांचे यजमान हेमचंद्र कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ते रोज संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवताना म्हणायचे की आता सोड ही नोकरी. बाई म्हणायच्या, ही दहावी होऊ दे. अशा चार दहाव्या झाल्या होत्या. पण यंदाच्या दहावीत शलाका होती, त्यामुळे यंदा तरी ते म्हणणं निमित्तापुरतं नव्हतं.

शलाका बदलापूरच्या पुढच्या एका गावातली. बाप कैलास अंबरनाथला कंपनीत, पहिल्या पाळीला जाताना तिला मोटरसायकलवरून शाळेत सोडायचा. पोरगी नववीत बाईंच्या वर्गात आली, तेव्हा मागच्या शाळेने तिच्यावर ‘ढ’ असा शिक्का मारूनच पाठवली होती. वाचायला उभी केली की तोंडाला कुलूप. बाईंनी तिला आपली रीत शिकवली, पण तिला तीही जमेना. गोल केलेला शब्द उताऱ्यात चार वेळा असला तरी तिला एकदाही दिसायचा नाही. अक्षरं जागेवर थांबत नाहीत, असं ती एकदा खाली मान घालून म्हणाली.

एकदा वर्गात एका पोराने उतारा मोठ्याने वाचला. नदीवर पूल बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या गवंड्याविषयी होता. बाई नेहमीप्रमाणे चौकटी भरून घेत होत्या, तेवढ्यात शलाकाने हात वर केला. वर्षात पहिल्यांदा. ती म्हणाली की या गवंड्याला पूल पुरा व्हायला नकोय, कारण पूल झाला की त्याला घरी जावं लागेल आणि घरी कुणीच नाही. असं उताऱ्यात कुठे थेट लिहिलेलं नव्हतं. पण होतं, पार शेवटच्या ओळीपर्यंत भरून होतं. हा उतारा बाई सहा वर्षं शिकवत होत्या आणि त्यांच्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या खडू हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

पोरगी ढ नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, एवढंच. अशा मुलांना दहावीला सवलत मिळते. शेजारी लेखनिक बसतो, तो प्रश्न वाचून दाखवतो, मूल सांगेल ते लिहितो, आणि वेळही जास्त मिळतो. पण त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते काही कुणी घरपोच आणून देत नाही. बाईंनी स्वतःच्या रजा घालवून तिला तीनदा तपासणीला नेलं. मुख्याध्यापक हरिचंद्र सर कुरकुरले, की एका पोरीसाठी एवढा आटापिटा कशाला, नापास झाली तर झाली. त्यांच्याशी बाई भांडल्या. शेवटी नववीच्या मे महिन्यात प्रमाणपत्र हातात पडलं. तिन्ही वेळा सोबत आलेले तिचे आजोबा महिपती, अंगठेबहाद्दर माणूस, त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि बाईंना म्हणाले, “बाय, तुमी हाव ना, मंग मना कसली चिंता नाय.”

शलाकाचं सगळं त्या सवलतीवर होतं. ती मिळाली तर पोरीच्या साठ-सत्तर टक्क्यांना मरण नव्हतं. नाही मिळाली तर मराठीच्या पहिल्याच पेपराला ती दुसऱ्या पानाच्या पुढे जाणार नव्हती. आणि घरात आईने आधीच सांगून ठेवलं होतं की नापास झालीस तर पुन्हा बसणं नाही, तुझी मावशी स्थळ घेऊन तयारच आहे.

ऑक्टोबरात परीक्षा मंडळाचं या सवलतीविषयीचं परिपत्रक आलं. अकरा पानी. हरिचंद्र सरांनी ते शिक्षकांच्या ग्रुपवर हात जोडून पुढे ढकललं आणि आपण मोकळे झाले. बाईंना त्या दिवशी एकच ऑफ तास होता, त्यातही समोर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यांनी फोन चष्म्याजवळ धरला आणि मनातल्या मनात तीन प्रश्न केले. शेवटची तारीख कोणती? अर्ज कसा करायचा? सोबत कागद कोणते? मग बोट फिरवत त्या परिपत्रकात उतरल्या. तारीख दुसऱ्या पानावर होती. अर्जाचा नमुना तिसऱ्यावर. प्रमाणपत्र हा शब्द चौथ्यावर, छायांकित प्रत जोडावी. संपलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोन दिवसांत त्यांनी अर्ज भरला, प्रती जोडल्या, सरांची सही-शिक्का घेतला आणि मुदतीच्या बारा दिवस आधी पाठवून दिला. पोच आली. त्या पोचेची प्रत त्यांनी महिपतींना दिली आणि त्या दिवशी घरी जाताना पाव किलो पेढे घेतले.

मग तयारी सुरू झाली, आणि ती उताऱ्याच्या बाईंनी आजवर कधी करून घेतली नव्हती अशी. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो म्हणून त्यांनी नववीतली हिमानी निवडली. अक्षर सुरेख, वाचन स्वच्छ, फक्त पोरगी उत्तराचं वाक्य आलं की आवाज चढवायची. बाईंनी तिला सपाट वाचायला शिकवलं, कारण परीक्षेत तसली मदत म्हणजे कॉपी. शलाकाला वेगळंच शिकवावं लागलं. तिला मागायला शिकवावं लागलं. ती इतकी भिडस्त, की एखादं वाक्य निसटलं तरी गप्प बसायची. तिच्याकडून बाईंनी रोज घोकून घेतलं की मी थांबव म्हणेन, मी पुन्हा वाच म्हणेन, माझा हक्क आहे. शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास, तळमजल्यावरच्या रिकाम्या वर्गात. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. बाईंचे पाय ठणकत असायचे, पण तेवढ्या पाऊण तासात त्यांना बरं वाटायचं. शलाका डोळे मिटून ऐकायची आणि मग सावकाश, पण असं काही बोलायची, की हिमानी लिहायचं विसरायची. ‘बाई, ही मला शिकवतेय,’ असं हिमानी एकदा म्हणाली. बाई म्हणाल्या, मलाही.

फेब्रुवारीत प्रवेशपत्रं आली. बाईंनी आधी शलाकाचंच काढलं. नाव बरोबर, केंद्र बरोबर, विषय बरोबर. सवलतीच्या रकान्यात काहीच नाही. छपाईची चूक असेल म्हणून त्यांनी मंडळाच्या कार्यालयाला फोन लावला. तिथल्या माणसाने अर्ज क्रमांक विचारला, थोडा वेळ गेला, आणि त्याने अगदी सौम्यपणे सांगितलं की मॅडम, यांची मूळ प्रमाणपत्राची पडताळणी झालेली नाही, म्हणून अर्ज रद्द झालाय. कसली पडताळणी, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, परिपत्रकात आहे ना, नववं पान.

होतं. नवव्या पानावर, ठळक अक्षरांत सुद्धा. अर्ज केल्यावर पालक आणि शाळेचा प्रतिनिधी यांनी मूळ प्रमाणपत्र घेऊन तीस नोव्हेंबरच्या आत कार्यालयात हजर राहावं, न राहिल्यास अर्ज आपोआप रद्द समजावा. प्रमाणपत्र हा शब्द चौथ्या पानावर सापडला होता, म्हणून बाई तिथेच थांबल्या होत्या. सापडल्यावर रेंगाळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या कार्यालयात गेल्या. दोन टेबलं, तीन माणसं. कुणी उद्धट बोललं नाही. एकाने पाणी दिलं. यादी वर गेलीय, आता काही होणं शक्य नाही, जुलैच्या परीक्षेला पुन्हा अर्ज करा, असं तिघांनीही वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसून बाईंनी ते परिपत्रक पहिल्यापासून वाचायला घेतलं. आणि वाचता येईना. डोळा ओळीवर ठरेचना. तो आपला पुढे पुढे पळत तारीख धुंडायचा, आकडा धुंडायचा, ठळक शब्द धुंडायचा. प्रश्न नसला तर काय वाचायचं, हेच त्यांना कळेनासं झालं होतं. वीस वर्षं दुसऱ्यांना लावलेली सवय आपल्यालाच कधी लागली, हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. रडू येत होतं, पण रडायचाही कंटाळा आला होता.

हरिचंद्र सर मात्र शांत होते. त्यांनी खुर्चीत रेलून सल्ला दिला, की घरच्यांना सांगा, मंडळाने नाकारलं. त्या म्हाताऱ्याला काय कळतंय? सरकारी काम, होतं असं. उगाच तुमचं नाव, शाळेचं नाव. खरं सांगायचं तर सल्ला त्यांना पटला होता. आजोबांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. दोन वर्षांनी निवृत्ती, कशाला बट्टा लावून घ्यायचा? रिक्षात बसून घरी जाताना त्यांनी ती वाक्यं मनात जुळवूनही पाहिली. घरी हेमचंद्रांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की रविवारी शलाकाच्या घरी मी येतो तुझ्याबरोबर. बाई म्हणाल्या, नको, मी एकटी जाईन.

परीक्षेला अठरा दिवस उरले होते. रविवारपर्यंत त्या वर्गात जातच होत्या, आणि बाकीच्या अडतीस पोरांकडून पेन्सिली फिरवून घेतच होत्या. दुसरं काय करणार? त्या अडतीस जणांना आता नवं काही शिकवायला वेळ नव्हता आणि बाईंच्या अंगात बळही नव्हतं.

रविवारी बदलापुरात उतरून त्या टमटमने गावात गेल्या. पिशवीत परिपत्रकाची छापील प्रत. महिपती ओटीवरच होते. बाई आल्या म्हणून त्यांची नुसती धांदल उडाली, खुर्ची आली, पाणी आलं, शलाकाची आई आत चहाला लागली. कैलास पाळीला गेला होता. शलाका दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. शाळेबाहेर बाई दिसल्यावर पोरं बावरतात, तशी ती बावरली नव्हती. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

बाईंनी चहाला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं की सवलत मिळाली नाही. आता मार्चला तिला एकटीनेच बसावं लागेल, नाहीतर जुलैपर्यंत थांबावं लागेल.

महिपतींनी मान हलवली. त्यांना राग आला तो कार्यालयाचा. आपिसवाले असलेच, गरिबाचा कागद कवा हालत नाय, असं ते बोलत राहिले. मग बाईंनाच धीर द्यायला लागले, की तुम्ही किती केलंत, तुमचा काय दोष. आतून आईचाही हुंकार आला. आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. सर म्हणाले होते ते न बोलताच झालं असतं.

“नाही आजोबा,” बाई म्हणाल्या. “ऑफिसची चूक नाही. मूळ कागद घेऊन या, असं त्यात लिहिलं होतं. मीच ते वाचलं नाही.”

महिपती त्यांच्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. त्यांना ते कळेचना.

“तुमी वाचला नाय?” ते म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली. वाचता न येणं काय असतं ते त्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं, जन्मभर. पण वाचता येणारं माणूस हातातला कागद वाचत नाही, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बाईंना सोपं गेलं असतं.

चहा निवत होता. शलाका पुढे आली, ओटीच्या कडेला बसली आणि तिने विचारलं की तो कागद तुम्ही आणलाय का. बाईंनी पिशवीतून काढला. मला वाचून दाखवा, ती म्हणाली. बाई नववं पान उघडायला लागल्या, तर ती म्हणाली, पहिल्यापासून.

मग कुंदाबाईंनी वाचायला घेतलं. संदर्भ क्रमांक, विषय, सर्व संबंधितांना कळवण्यात येते की. मोठ्याने वाचायचं म्हणजे पळता येत नाही, प्रत्येक शब्दावर पाय द्यावा लागतो. शलाका डोळे मिटून बसली होती. तिसरं पान, पाचवं पान. मध्ये दोनदा तिने थांबवून वाक्य पुन्हा वाचायला लावलं. नववं पानही बाईंनी सपाटच वाचलं. पुढची दोन पानंही वाचली. वीस-बावीस मिनिटं लागली असतील. अकरा पानी कागदाला एवढंच लागत होतं.

शलाकाने डोळे उघडले. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट बाईंना वाईट वाटू नये अशी काळजीच होती.

“बाई, हे तेव्हा मला वाचून दाखवलं असतं ना,” ती म्हणाली, “तर मी तुम्हाला सांगितलं असतं.”

सांगितलं असतं. बाईंना त्याची पुरेपूर खात्री होती. त्यांनी ती अकरा पानं मांडीवर सारखी केली आणि सावकाश पिशवीत ठेवली.